कुणी जागं आहे का?

2005 सालच्या जून महिन्यातली रात्र. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं. माझी सात वर्षांची लेक पलंगावर घामाघूम होऊन बसलेली आणि माझ्या हातातल्या मीटरवर आकडा, 58. म्हणजे साखर घसरलेली. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून तिला पाजली. आता पंधरा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा तपासायचं. डॉक्टरांनी हे सगळं शिकवलं होतं, पाठ होतं. पण ती पंधरा मिनिटं एकटीनं कशी काढायची, हे मात्र कुणी शिकवलं नव्हतं.

नवरा फिरतीवर. सासूबाई-सासरे झोपलेले. मी हॉलमधला कॉम्प्युटर सुरू केला आणि आमच्या मैत्रिणींना एका ओळीची ई-मेल टाकली, ‘कुणी जागं आहे का?’

उत्तर आलं सकाळी सहा चाळीसला. ‘अगं, आत्ता पाहिलं! कशी आहे ती?’ तोवर लेक दात घासत होती आणि मी डबा भरत होते.

या मैत्रिणी म्हणजे आम्ही अकरा आया. सगळ्यांच्या मुलांना टाइप वन डायबिटीस. म्हणजे ज्यात शरीर इन्शुलिन बनवतच नाही आणि रोज टोचून घ्यावंच लागतं, तो. पुण्यात एका डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये ताटकळत बसल्या बसल्या ओळखी झाल्या, ई-मेलचे पत्ते वहीत लिहून घेतले गेले. कुणी नाशिकची, कुणी मिरजेची, कुणी ठाण्याची. एक पुढे दुबईला गेली, एक न्यू जर्सीला. पत्रांसारख्या लांबलचक मेल चालायच्या. त्यात डब्यात काय द्यायचं, शाळेत बाईंना कसं सांगायचं, सहलीला पाठवायचं की नाही, सगळं असायचं. पण मेल म्हणजे शेवटी पत्रच हो. आज प्रश्न, परवा उत्तर. आणि आईची काळजी काही परवापर्यंत थांबत नाही!

त्या रात्रीची हकिगत मी सगळ्यांना कळवली, तेव्हा न्यू जर्सीवालीनं सुचवलं, ‘आपण चॅट रूम उघडूया. फक्त आपल्यापुरती.’

आम्ही बऱ्याच जणी बिचकलो. चॅट रूम म्हणजे काय, हे तेव्हा सगळ्यांना ऐकून माहीत होतं. सार्वजनिक खोलीत शिरलं की दुसऱ्या मिनिटाला कुणीतरी अनोळखी विचारणार, ‘एएसएल प्लीज?’ म्हणजे वय, स्त्री की पुरुष आणि गाव. सभ्य बाईनं जायची जागा नव्हे ती, असं आमच्यातल्या निम्म्या जणींचं मत. शिवाय ज्या गोष्टी आम्ही बोलणार, त्या चारचौघांत बोलण्यासारख्या होत्या कुठे? मिरजवालीच्या सख्ख्या जावेलासुद्धा मुलाच्या इंजेक्शनांबद्दल माहीत नव्हतं. मुली असलेल्यांच्या पोटात तर कायमचा गोळा, बाहेर कळलं तर लग्नाचं कसं होणार?

खरं तर संगणकावर अशी ‘खोली’ करण्याची कल्पना बरीच जुनी. 1973 साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात ‘टॉकोमॅटिक’ नावाची सोय झाली होती. एका वेळी पाच जण टाइप करत गप्पा मारू शकत. पुढे 1988 मध्ये फिनलंडमध्ये यार्को ओइकारिनेन यानं ‘इंटरनेट रिले चॅट’ तयार केलं आणि अशा खोल्या जगभर पसरल्या. आमच्या हाताशी होता याहू मेसेंजर. त्यात ‘कॉन्फरन्स’ असायची. जिला बोलावणं पाठवलं तीच आत येणार. म्हणजे दाराला कडी होती. आम्हाला तेवढंच हवं होतं.

वार ठरला गुरुवार, वेळ रात्री दहा. तेव्हा दुबईत साडेआठ वाजलेले असत आणि न्यू जर्सीत दुपारचे साडेबारा. ती ऑफिसात डबा खात खात बोलायची. आत आल्यावर पहिला शब्द लिहायचा, ‘हजर’. शाळेतल्या हजेरीसारखं. नावं नाहीत, गावं! ‘नाशिक हजर’, ‘ठाणे हजर’. मी डोंबिवली.

पहिले काही गुरुवार नुसता गोंधळ. डायल-अपमुळे आमचा फोन तासभर एंगेज, म्हणून सासरे कुरकुरायचे. मिरजेला लोडशेडिंग. आणि मराठी लिहायचं ते रोमन लिपीत, त्यात ‘कधी’ आणि ‘कढी’ दिसायला एकच. नाशिकनं दुबईला विचारलं, ‘रात्री इन्शुलिनच्या आधी कधी दिलीस?’ दुबईचं उत्तर, ‘कढी नाही गं, आमटी दिली.’ त्या दिवशी मी एकटी कॉम्प्युटरसमोर बसून इतकी हसले की सासूबाई उठून बघायला आल्या. लेकीचं दुखणं कळल्यापासून त्या घरात मी तशी हसले नव्हते.

मग तो गुरुवार आला, ज्यानं आम्हाला या खोलीची ताकद दाखवली आणि धोकाही.

मिरज आत आली तीच रडकुंडीला. मुलाची साखर चार दिवस साडेतीनशेच्या खाली येत नव्हती. इन्शुलिन तेच, खाणं तेच. एकीनं पटकन लिहिलं, ‘चार युनिट वाढवून बघ.’ दुसरी म्हणाली, ‘हो, माझ्याकडेही असंच झालं होतं.’ ठाणे मात्र प्रश्न विचारत सुटली. ती पूर्वी औषधांच्या दुकानात काम करायची. बाटली नवी का? फ्रिजमध्ये होती का? टोचायची जागा बदलतेस ना? आणि मग, ‘सिरिंज तीच आहे का? टोपीचा रंग कुठला?’

दोन मिनिटं काहीच नाही. मग उत्तर आलं, ‘नारिंगी. दिरांनी अमेरिकेहून पाकीट आणलंय.’

आपल्याकडे इन्शुलिनची बाटली साधारणपणे एका मिलिलिटरला 40 युनिटची असते आणि तिच्यासाठी लाल टोपीची सिरिंज. परदेशात 100 युनिटचं इन्शुलिन, त्याची सिरिंज नारिंगी टोपीची. 40 च्या बाटलीतून नारिंगी टोपीच्या सिरिंजनं बाराच्या खुणेपर्यंत भरलं, तर पोराच्या अंगात जातात जेमतेम पाच युनिट! चार दिवस तो निम्म्याहून कमी इन्शुलिनवर होता. मिरजेनं तिथल्या तिथे चॅट सोडून डॉक्टरांना फोन लावला.

ई-मेलवर हे उलगडायला आठवडा गेला असता. एक विचारणार, दुसरी दोन दिवसांनी उत्तर देणार. इथे दहा मिनिटांत धागा सापडला, कारण प्रश्नाला लगेच उत्तर आणि उत्तरावर लगेच प्रश्न.

पण त्या रात्री मला झोप लागली नाही. समजा मिरजेनं ते ‘चार युनिट वाढव’ ऐकलं असतं, आणि पुढे परदेशी पाकीट संपून पुन्हा लाल टोपी हातात आली असती, तर? सोळाच्या खुणेला पुरे सोळा युनिट गेले असते. त्या पोराची साखर कुठवर घसरली असती, विचारसुद्धा नको वाटतो. आणि सांगणारी काही वाईट बाई नव्हती हो. मायेनंच बोलली. समोर कुणी घाबरलेलं असलं की आपल्याला राहवत नाही, काहीतरी सांगून मोकळं व्हावंसं वाटतं. लिहून पाठवायच्या आधी माणूस थांबतो, पण समोरासमोरच्या बोलण्यात थांबायला उसंत कुठली?

पुढच्या गुरुवारी आम्ही नियम केले. इन्शुलिनचा आकडा या खोलीत कुणी कुणाला सांगायचा नाही. प्रश्न विचारायचे, डोस डॉक्टर ठरवतील. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, चॅटवर यायचं नाही, थेट दवाखाना. दर वेळी एकीची ड्युटी. तिनं बोलण्यावर नजर ठेवायची, सावकाश टाइप करणाऱ्यांना ‘मिरज, तुझं काय राहिलं?’ असं हाक मारून विचारायचं आणि अकराला खोली बंद करायची. खोलीतलं खोलीत ठेवायचं.

दाराचा नियम मात्र ठेच लागल्यावर आला. एका मैत्रिणीनं ओळखीच्या ओळखीतून एक ‘आई’ आत आणली. दोन गुरुवार ती फार गोड बोलली. तिसऱ्या गुरुवारी म्हणाली, इन्शुलिन बंद करून रोग मुळापासून घालवणारा एक काढा आहे, पत्ता देते. ती आई नव्हतीच, काढा विकणारा गृहस्थ होता! टाइप वनच्या मुलाचं इन्शुलिन बंद केलं तर काही दिवसांतच जिवावर बेततं. तेव्हापासून नव्या बाईशी जुन्या एकीनं आधी फोनवर अर्धा तास बोलायचं, मगच तिला बोलावणं. काहींना हे फार वाटलं. पण घाबरलेल्या आईला ‘कायमचं बरं होईल’ हे शब्द किती गोड लागतात, ते आम्हाला ठाऊक होतं.

आणि रात्रीचे दोन? त्याचं उत्तर न्यू जर्सीनं दिलं. तिच्याकडे तेव्हा दुपारचे साडेचार वाजतात. ‘माझा मेसेंजर चालूच असतो, हाक मारा,’ म्हणाली. पुढची कितीतरी वर्षं तिनं शब्द पाळला. ती सल्ला द्यायची नाही. ‘झाली का पंधरा मिनिटं? आता तपास. किती?’ एवढंच. पण तेवढं विचारणारं कुणी असलं की हात थरथरत नाहीत.

एक गोष्ट मात्र आमच्या कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. 2011 मध्ये, तेरा वर्षांची माझी लेक एका गुरुवारी मागे येऊन उभी राहिली. मी लिहीत होते, ‘हल्ली लपून चॉकलेट खाते, आकडे खोटे लिहिते.’ तिनं वाचलं आणि विचारलं, ‘आई, ही खोली मेंबर्सचीच आहे ना? मग मी मेंबर आहे का?’

मला उत्तर सुचेना. लोकांपासून मुलांची गोष्ट जपायची म्हणून आम्ही कड्या लावल्या होत्या. पण गोष्ट होती तिची, आणि तिलाच कुणी विचारलं नव्हतं. त्या दिवसापासून मी तिला विचारल्याशिवाय तिचं काही लिहिलं नाही. कधी ती ‘सांग’ म्हणायची, कधी ‘नको’.

पुढे सगळ्यांच्या हातात मोबाइल आले, व्हॉट्सअ‍ॅप आलं, आमचे गुरुवार आपोआप सुटले. याहू मेसेंजर 2018 च्या जुलैत बंद झाला, तेव्हा आमच्यातलं कुणी तिकडे फिरकतही नव्हतं. अकराच्या दोनशे जणी झालो होतो. पण दोन वर्षांपूर्वी एका रात्री एका नव्या आईनं त्या ग्रुपवर विचारलं, ‘आज पहिल्यांदाच घरी इंजेक्शन द्यायचंय, हात धजत नाहीये, कुणी आहे का?’ त्यावर बेचाळीस जणींनी कुणाच्या तरी मुलाला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. तिचा निरोप वर सरकून गेला. मला माझी 2005 ची रात्र आठवली. तेव्हा उत्तर द्यायला कुणी जागं नव्हतं. आता दोनशे जणी जाग्या होत्या, पण हजर कुणीच नव्हतं!

म्हणून आम्ही खोली पुन्हा उघडली. वेगळा छोटा ग्रुप, पंधराच जणी. एरवी त्यात फक्त अ‍ॅडमिनच लिहू शकते अशी सेटिंग. गुरुवारी दहाला ती सगळ्यांसाठी उघडते, अकराला बंद. मजकूर चोवीस तासांत आपोआप पुसला जातो. अर्थात कुणी फोटो काढून ठेवला तर इलाज नाही, म्हणून आधी फोनवर अर्धा तास बोलण्याचा नियम आजही तसाच आहे. आडरात्री हाकेला कोण असेल, त्या दोघींचे नंबर प्रत्येकीकडे आहेत.

मैत्रिणींनो, दुखणं कुठलंही असो, घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असो की एकटेपण, असा गट तुमचाही असेल. सोय काय, पाच मिनिटांत होते. पण दार कोण उघडणार, आज ड्युटी कुणाची आणि ज्याच्याबद्दल बोलतोय त्याला विचारलंय का, एवढं आधी ठरवा.

माझी लेक आता नोकरी करते. दंडावरचा सेन्सर तिची साखर मोबाइलवर दाखवतो. महिन्यातून एका गुरुवारी ती आमच्या खोलीत ड्युटीला बसते, स्वतःहून. परवा एक नवी आई आली. ‘हजर’ लिहून नुसतीच थांबली. लेकीनं तिला मुलाचं काहीच विचारलं नाही. लिहिलं, ‘काकू, तुम्ही जेवलात का?’

बऱ्याच वेळानं उत्तर आलं, ‘नाही.’

‘मग आधी जेवून या. आम्ही आहोत इथे अकरापर्यंत.’