ल्यूकासची एकोणचाळीस अंकी संख्या

2 चा 13,62,79,841 वा घात घेऊन त्यातून 1 वजा केला असता येणारी 4,10,24,320 अंकी संख्या अविभाज्य ठरल्याची वार्ता 2024 च्या ऑक्टोबरात प्रसिद्ध झाली, तेव्हा संगणकांच्या सामर्थ्याचेच कौतुक फार झाले. परंतु ज्या कसोटीने त्या संख्येवर अखेरचे शिक्कामोर्तब झाले, तिचा पाया एदुआर ल्यूकास या फ्रेंच गणितज्ञाने विद्युत्-गणकाची कल्पनाही नसताना घातला होता, याचा उल्लेख क्वचितच कोणी केला.

कोणत्या घातांकांपासून अशा संख्या मिळतात याची 257 पर्यंतची यादी मारँ मेर्सेन या ख्रिस्ती यतीने 1644 साली सिद्धतेवाचून जाहीर केली. तीत 67 व 257 हे घातांक नाहक शिरले आणि 61, 89 व 107 सुटले. 127 ची नोंद मात्र होती, आणि ती खरी की खोटी याचा फैसला 232 वर्षे तसाच तुंबून राहिला. कारण 2 च्या 127 व्या घातातून 1 वजा केल्यावर येणारी संख्या, म्हणजे 170141183460469231731687303715884105727, हिला अविभाज्य अवयव असलाच तर 254 ने भागल्यावर त्याची बाकी 1 उरली पाहिजे, एवढी सवलत गणित देत असले, तरी तिचे वर्गमूळच 20 अंकी असल्यामुळे एकेक उमेदवार तपासू जाणाऱ्याचे आयुष्य सरले असते.

ल्यूकासने अवयव शोधण्याचा नादच सोडला. त्याच्या कसोटीचे, पुढे डेरिक लेमरने सुटसुटीत केलेले रूप असे: 4 पासून आरंभ करावा, वर्ग करून 2 वजा करावेत, तपासावयाच्या संख्येने भागून बाकी ठेवावी, आणि हीच क्रिया घातांकाहून 2 ने कमी इतक्या वेळा केल्यावर अखेरची बाकी शून्य आली तर संख्या अविभाज्य, एरवी विभाज्य. चोर हाती न लागताही चोरी शाबीत करणारा हा न्याय विलक्षण खराच! 67 या घातांकाची संख्या विभाज्य असल्याचे ल्यूकासने 1876 साली सांगितले; तिचे अवयव, 193707721 आणि 761838257287, फ्रँक कोलने 1903 साली फळ्यावर मांडले. त्याच 1876 साली 127 चा निकाल लागला: अविभाज्य.

(याच ल्यूकासने 1883 साली हनोईचा मनोरा हा खेळ काढला. त्याला काशीच्या मंदिरातील 64 सुवर्णचकत्यांची दंतकथा चिकटली आहे. चकत्या 127 घेतल्या, तर कमीत कमी चाली वरील 39 अंकी संख्येइतक्याच लागतात.)

सर्वांत मोठी ज्ञात अविभाज्य संख्या हा तिचा मान 1951 पर्यंत, म्हणजे 75 वर्षे, अबाधित होता, आणि केवळ हाताने हिशेब करून सिद्ध झालेली याहून मोठी अविभाज्य संख्या आजही नाही. वाचकांनी निदान घातांक 7 घेऊन 127 या संख्येवर कसोटीचा पडताळा घ्यावा. 4, 14, 67, 42, 111 अशा बाक्या येतील, आणि पुढची शून्य आली नाही, तर आपला भागाकार पुन्हा तपासावा.