अंगावरून वारे गेल्यावर पुन्हा चालणे



कामगार चळवळीतल्या माणसाने या व्यासपीठावरून आजारपणाविषयी बोलावे याचे काहींना नवल वाटेल. आम्ही डॉक्टर नाही. आमची शाळा सातवीत सुटली; पुढचे शिकणे पाळी संपल्यावर वाचनालयाच्या बाकावर झाले. पण साखर कारखाने, गुऱ्हाळे आणि कामगारांच्या चाळी यांतून तीस वर्षे हिंडताना एक दृश्य आम्ही वारंवार पाहिले आहे. कालपर्यंत पोती उचलणारा गडी ओसरीवर बाजेला खिळलेला असतो आणि येणारा-जाणारा उंबऱ्यातून म्हणतो, “अंगावरून वारं गेलं, आता काय व्हायचं!” या ‘आता काय व्हायचं’ला उत्तर आहे, एवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम वारे म्हणजे काय ते पाहू. वारा कोठून येत नाही आणि अंगावरून जातही नाही. मेंदूला रक्त नेणारी नळी बहुतेक वेळा गुठळीने तुंबते, काही वेळा फुटते. तेवढ्या भागातील पेशी रक्तावाचून मरतात. मेंदूच्या डाव्या बाजूस इजा झाली तर शरीराची उजवी बाजू लुळी पडते, उजवीकडे झाली तर डावी. कारखान्यातल्या माणसाला हे लवकर समजते. मोटार जळालेली नाही, पट्टा तुटलेला नाही. बिघाड स्विचबोर्डात आहे. पायाचे स्नायू जागेवर असतात, त्यांना मिळणारा हुकूम बंद झालेला असतो. म्हणून नुसते तेल चोळून किंवा कबुतराचे रक्त लावून पाय चालू लागत नाही.

पहिल्या तासांविषयी थोडक्यात सांगतो. तोंड वाकडे झाले, एक हात वर राहीना, बोलणे बोबडे झाले, यांपैकी एक जरी दिसले तरी १०८ ला फोन करावा आणि घड्याळात किती वाजले ते ध्यानात ठेवावे. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. तेही सीटी स्कॅन करून, रक्तस्राव नाही याची खात्री पटल्यावरच. केडगावहून पुणे पन्नास किलोमीटरहून अधिक दूर. म्हणजे अंगारा लावण्यात घालविलेला एक तास परत मिळत नाही.

आता मुख्य विषय. मेलेल्या पेशी परत येत नाहीत, मग माणूस पुन्हा चालतो कसा? त्याचे कारण असे की, मेंदूचा शाबूत भाग गेलेल्या भागाचे काम काही प्रमाणात शिकू शकतो. पाळीवरचा एक कामगार आजारी पडला की शेजारचा त्याचे यंत्र सांभाळावयास शिकतो, तसेच हे आहे. परंतु शेजारचा कामगार यंत्रावर उभे राहूनच शिकतो. मेंदूही तसाच. चालणे चालण्याच्या सरावानेच परत येते, उभे राहणे उभे राहण्याच्या सरावाने. आणि तो सराव दिवसातून पुष्कळ वेळा करावा लागतो. सुधारणा पहिल्या तीन-सहा महिन्यांत वेगाने होते, म्हणून तो काळ बाजेवर घालविणे हे मोठे नुकसान आहे. पुढे वेग मंदावतो, पण दार बंद होत नाही.

आमच्या एका जोडीदाराची हकीगत सांगतो. तो एका साखर कारखान्यात बॉयलरवर होता. ऐन गाळपात, पहाटेच्या पाळीला, त्याची उजवी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आला तेव्हा घरच्यांना कोणीतरी सांगितले की आता विश्रांती हेच औषध. दोन महिने तो निजून राहिला. भेटावयास गेलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, “भाऊ, आम्ही ह्यांना काडीचंही काम करू देत नाही. पाण्याचा तांब्यासुद्धा हातात देतो.” त्या माउलीची सेवा खरी होती आणि तीच त्याला अपाय करीत होती. पुढे व्यायामोपचार जाणणारी एक मुलगी आठवड्यातून तीनदा येऊ लागली. तिने पहिल्या दिवशी मालिश केले नाही, की यंत्र लावले नाही. ती म्हणाली, “काका, बाजेवरून उठून दाखवा.”

बाजेवरून उठणे ही चालण्याची पहिली इयत्ता आहे. पावले गुडघ्यांच्या थोडी मागे घ्यावयाची, अंग पुढे झुकवून नाक गुडघ्यांच्या पुढे न्यावयाचे, मग दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उठावयाचे. आजारी माणूस सगळा भार चांगल्या पायावर टाकतो. कमजोर पायाला कामच मिळत नाही आणि तो अधिक आळसावतो. म्हणून उठताना कमजोर पावलावर भार येतो की नाही हे पाहणाऱ्याने पाहावे. बाज सखल असेल तर उठणे अवघड जाते. तिच्या पायांखाली विटा पक्क्या बसवून ती उंच करावी आणि पाय बळावेल तशी खाली आणावी.

दुसरी इयत्ता तोलाची. तोल तीन गोष्टी सांभाळतात : डोळे, कानाच्या आतील इंद्रिय, आणि तळव्यांतून व सांध्यांतून मेंदूला जाणारी खबर. वारे गेल्यावर ही तिसरी खबर बहुधा अपुरी पोचते, म्हणून माणूस अंधारात किंवा डोळ्यांवर साबण आला असता कोसळतो. सराव असा : भिंतीजवळ उभे राहावे, समोर जड खुर्ची असावी, भार एका पायावरून दुसऱ्यावर न्यावा, मग बाजूला व पुढे हात लांबवून एखादी वस्तू घ्यावी, मग मागे वळून पाहावे. तोल जरासा डळमळला पाहिजे, नाहीतर शिकणे होत नाही. पण सावरावयास माणूस जवळ हवा.

तिसरी इयत्ता पावलाची. बहुतेकांचे पाऊल पुढून लोंबते, अंगठा जमिनीला अडतो. मग ते कंबर उचलून पाय बाहेरून फिरवीत टाकतात. पाऊल वर धरून ठेवणारी पट्टी मिळते, ती मापाने घ्यावी. सपाता घालू नयेत. मागे पट्टा असलेले पादत्राण घालावे. काठी चांगल्या हातात धरावी. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी कमजोर पाय. आधार देणाऱ्याने कमजोर बाजूस उभे राहून कमरेला बांधलेला पंचा धरावा. कमजोर हाताला धरून किंवा बगलेत हात घालून ओढू नये. खांदा निखळल्यासारखा होतो आणि त्याचे दुखणे माणसाला चालण्यापासून दूर ठेवते.

आमच्या जोडीदाराच्या अंगणात गोठ्यापासून लिंबापर्यंत कमरेच्या उंचीवर दोन बांबू आडवे बांधले. त्यांच्यामधून तो रोज फेऱ्या घाली आणि त्याची नात दारावर खडूने रेघा ओढून हिशेब ठेवी. तो दोनदा पडला. मोरीत खडबडीत फरशी बसविली, उंबऱ्याला उतार केला, शौचकूपात बसावयास खुर्ची केली. मध्ये एक महिना त्याने अवसान गाळले. रडे, जेवत नसे. हाही आजाराचाच भाग असतो आणि त्यालाही डॉक्टरांकडे उपाय असतो, हे आम्हांस उशिरा कळले. सातव्या महिन्यात तो काठी घेऊन केडगाव स्टेशनापर्यंत आला आणि दौंडकडची गाडी येईस्तोवर फलाटावर उभा राहिला. उजवा हात मात्र आजही पुरता उघडत नाही. आम्ही चमत्कार सांगावयास आलो नाही.

हे काम मोठी यंत्रे असलेल्या ठिकाणीच होते असा समज आहे. अमेरिकेतील ४०८ रुग्णांवर झालेल्या एका तपासणीचा निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाला. काहींना अंगाचा भार दोरांनी तोलून धरणाऱ्या फिरत्या पट्ट्यावर चालविले. काहींना घरीच, शिकलेल्या उपचारकाच्या देखरेखीखाली, ताकदीचे व तोलाचे व्यायाम दिले. एक वर्षानंतर दोन्हींकडे सुधारणा सारखीच दिसली. एकंदर ५२ टक्के लोकांची चाल वरच्या पायरीवर गेली होती. म्हणजे लाखोंचे यंत्र नाही म्हणून गरिबाने हाय खाण्याचे कारण नाही.

परंतु याचा उलटा अर्थ कोणी काढील की मग घरच्यांनाच चार व्यायाम शिकवून मोकळे व्हावे. हाही प्रयोग आपल्याच देशात झाला. १४ रुग्णालयांतील १,२५० रुग्णांपैकी निम्म्यांच्या घरच्यांना व्यायामाचे शिक्षण देऊन घरी पाठविले. २०१७ साली निष्कर्ष आला : सहा महिन्यांनी त्यांच्यात आणि इतरांत फरक दिसला नाही. दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून पाहा. यंत्रावाचून अडत नाही. जाणत्या माणसावाचून अडते. व्यायाम केव्हा वाढवावा, चूक कोठे होते, हे ओळखणारा डोळा घरी पुन:पुन्हा आला पाहिजे. घाईही बाधते : पहिल्या २४ तासांतच रुग्णास वरचेवर व जास्त वेळ उठविल्याने अपाय होतो, असे २०१५ च्या एका मोठ्या चाचणीत आढळले. प्रारंभ केव्हा करावा हे डॉक्टरांनी ठरवावयाचे.

ही विद्या महाराष्ट्राला नवी नाही. अमेरिकेत जन्मून निंबकरांच्या घरात आलेल्या कमलाबाईंनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे विद्यालय काढले. १९५५ साली हाजी अलीला पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था निघाली. आणि त्यापूर्वी कितीतरी वर्षे, येथे केडगावातच, पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात अंध स्त्रियांना ब्रेल वाचावयास आणि हाताने काम करावयास शिकवीत. ज्याचे एक अंग गेले त्याला कोपऱ्यात न बसविता उरलेल्या अंगाने उभे करावे, हा धडा या गावाने फार आधी पाहिला आहे.

आता आमच्या धंद्याची गोष्ट. सात महिने सराव करावयाचा तर सात महिने घर चालले पाहिजे. राज्य कामगार विमा योजनेत अर्धांगवायू हा दीर्घ आजारांच्या यादीत आहे. पात्र कामगाराला मजुरीच्या ८० टक्के भत्ता दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. पण ही योजना हंगामी कारखान्यांस लागू नाही, आणि १९४८ च्या कायद्याने साखर व गूळ हे हंगामीच धरले. भीमेच्या या काठावर ज्या दोन धंद्यांवर आमची चूल पेटते तेच दोन वगळलेले! नोकरीत असताना अपंगत्व आल्यास कामावरून काढू नये असे २०१६ चा कायदा सांगतो, पण ते कलम सरकारी आस्थापनांपुरते. आमच्या जोडीदाराला त्याच्या कारखान्याने घरी बसविले होते. टाइम ऑफिसात बसून करावयाचे काम मिळविण्यासाठी आम्हांस तीन वेळा दारावर बसावे लागले.

म्हणून आमचे मागणे दोन शब्दांत. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात व्यायामोपचारक असावा आणि त्याचे काम रुग्णालयाच्या भिंतीत न संपता आठवड्यातून काही दिवस वस्तीवर जाण्याचे असावे. आणि हंगामी कामगाराच्या आजारपणालाही हंगामाबाहेर उभे करू नये.

तोवर आपल्या हाती काय आहे? रक्तदाब मोजून घ्यावा, सांगितलेली गोळी बरे वाटले म्हणून बंद करू नये, तंबाखू व मिश्री सोडावी. एकदा वारे गेलेल्यास ते पुन्हा जाण्याचा धोका अधिक असतो. आणि शेजारी कोणी बाजेवर पडलेला असेल तर उंबऱ्यातून हळहळून परत फिरू नये. डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर त्याच्या कमजोर बाजूस जाऊन उभे राहावे, पंचा धरावा आणि म्हणावे, “चला, लिंबापर्यंत जाऊन येऊ.”