जागतिक क्षमता म्हणजे फक्त इंग्रजी नव्हे

विहारातल्या अभ्यासिकेत पालक आम्हाला हमखास एक प्रश्न विचारतात, "सर, पोरीला इंग्रजी आलं की ती जगात कुठंही टिकेल ना?" या प्रश्नामागची तळमळ खरी आहे. ज्या घरात पहिलीच पिढी शिकते आहे, तिथे इंग्रजी हवीच. पण इंग्रजी बोलता येणे वेगळे आणि जग समजून घेऊन त्यात आपली बाजू मांडता येणे वेगळे. या दुसऱ्या गोष्टीला शिक्षणक्षेत्रात 'जागतिक क्षमता' म्हणतात.

पंधरा वर्षांच्या मुलांची 'पिसा' ही आंतरराष्ट्रीय चाचणी ओईसीडी ही संघटना घेते. २०१८ साली तिने या क्षमतेचीही चाचणी घेतली. त्यासाठी चार गोष्टी धरल्या होत्या. स्थानिक आणि जागतिक प्रश्न तपासून पाहणे, दुसऱ्याचा दृष्टिकोन समजून घेणे, वेगळ्या संस्कृतीच्या माणसांशी मोकळा संवाद साधणे आणि सर्वांच्या हितासाठी कृती करणे. या चारही गोष्टींत महागडी शाळा किंवा परदेशी सहल कुठेच नाही. तरीही आपल्याकडे हा शब्द 'इंटरनॅशनल' पाटीच्या शाळांनी विकायला काढला आहे.

आम्हाला वाटते, या चार गोष्टी समजून घ्यायला बाबासाहेबांच्या आयुष्याइतके चांगले उदाहरण नाही.

पहिली गोष्ट तपास. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी निबंध वाचला, तो भारतातील जातींवर. परदेशात जाऊन त्यांनी आपलाच प्रश्न समाजशास्त्राच्या कसोटीवर घासून पाहिला.

दुसरी गोष्ट इतरांचे दुःख समजून घेणे. १९४६ साली त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहिले. तिथल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांनी मागितली. ड्यू बॉईस यांनी उत्तरही पाठवले.

तिसरी गोष्ट संवाद. तोच प्रश्न त्यांनी 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत'मधून मराठीत आपल्या माणसांपुढे मांडला आणि लंडनच्या गोलमेज परिषदेत इंग्रजीत राज्यकर्त्यांपुढे.

चौथी गोष्ट कृती. १९२७ चा महाडचा सत्याग्रह आणि १९४५ ची पीपल्स एज्युकेशन सोसायटी ही त्याची साक्ष.

आता आजची स्थिती पाहू. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. २०२२ च्या नियमावलीत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास हे विषय तिच्यातून वगळण्यात आले. म्हणजे १९१६ चा तो जातीवरचा निबंध घेऊन आज एखादा भीमसैनिक निघाला, तर त्याचा अर्ज विषयावरच अडेल. जगात जा, पण घरचा प्रश्न सोबत नेऊ नका, असाच याचा अर्थ होतो. जागतिक क्षमतेच्या मुळावरच हा घाव आहे आणि युवकांनी तो मुद्दा संविधानिक मार्गाने सतत लावून धरला पाहिजे.

पण तोवर हात बांधून बसायचे कारण नाही. आमच्या अभ्यासिकेत आठवी-नववीच्या मुलांसोबत आम्ही एक साधा प्रयोग केला. शाळेत शेवटच्या बाकांवर कोण बसते, याची नोंद मुलांनी स्वतः केली. नंतर त्यांना चेक प्रजासत्ताकातील ऑस्ट्राव्हा शहराची गोष्ट सांगितली. तिथे रोमा समाजाच्या मुलांना 'मतिमंद' ठरवून वेगळ्या शाळांत घातले जात होते. अठरा मुलांनी दाद मागितली आणि २००७ साली युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने हा भेदभाव असल्याचा निकाल दिला. गोष्ट संपल्यावर एक मुलगी म्हणाली, "म्हणजे आपण एकटे नाही." त्या दिवशी वर्गात इंग्रजीचा एक शब्दही नव्हता, पण जग मात्र आले होते.

नंतर मुलांनी मुख्याध्यापकांना पत्र लिहिले, की बाके आठवड्याला बदलावीत. पत्र मराठीत होते. त्याचाच इंग्रजी मसुदा करताना मुले जेवढे इंग्रजी शिकली, तेवढे पाठांतराने शिकली नव्हती. भाषा अशी कामातून येते.

प्रत्येक विहारात आठवड्यातून एक तास हे करता येईल. वस्तीतला एक प्रश्न घ्या, त्याची आकडेवारी मुलांकडून गोळा करा, जगात तसाच प्रश्न कुठे आहे ते शोधा, दोन भाषांत मांडा आणि शेवटी एक छोटी कृती करा. शिकलेल्या युवकांनी एवढा वेळ दिला, तर 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' हे भिंतीवर लिहिण्यापुरते उरणार नाही.

जय भीम!