आपटेची बॅट आणि कसाऱ्यानंतरचं दार

जून २०२५ मधली मुंब्र्याची बातमी जेमतेम तीन दिवस पहिल्या पानावर टिकली. सोमवारी सकाळी तिथल्या वळणावर दोन लोकल एकमेकींसमोरून गेल्या, दारात लटकलेली माणसं घासून रुळांवर पडली, किमान चौघांचा जीव गेला. दिवस मावळायच्या आत रेल्वेनं जाहीर केलं, की यापुढच्या लोकलना आपोआप बंद होणारी दारं असतील. गुरुवारी अहमदाबादला विमान कोसळलं आणि मुंब्रा आतल्या पानात गेलं. विमान क्वचित पडतं, लोकलमधून माणूस रोज पडतो; बातमीचं गणित त्यावर चालतं.

जळगावात बसून मुंब्र्यावर लिहायचं कारण काय, असं कुणी विचारील. पहिलं कारण रुळांचं. मुंब्र्याचे रूळ तेच आपले. त्याच वर्षी २२ जानेवारीला पाचोऱ्याजवळ, माहेजी आणि परधाडेच्या मध्ये, आगीच्या अफवेनं पुष्पक एक्सप्रेसमधून खाली उतरलेल्या किमान बारा जणांना शेजारच्या मार्गावरून आलेल्या कर्नाटक एक्सप्रेसनं चिरडलं. दुसरं कारण माणसांचं. डोंबिवली, कल्याण, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात ज्याचा एकही नातेवाईक नाही, असं खान्देशातलं घर शोधून काढावं लागेल. सोमवारी सकाळी या घरांतून एकच फोन गेला: ‘पोचला का?’

माझाही गेला. मावसभाऊ डोंबिवली पूर्वेला राहतो. तो पोचला होता. त्या रात्री मी ‘डोंबिवली फास्ट’ पुन्हा पाहिला.

निशिकांत कामत यांच्या या पहिल्या चित्रपटाला २०२५ मध्ये वीस वर्षं झाली. बँकेतला माधव आपटे, त्याची बायको अलका, दोन मुलं, रोजची तीच लोकल, आणि एक दिवस डोकं फिरल्यावर हातात आलेली क्रिकेटची बॅट. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. तेव्हा जळगावच्या टॉकीजमध्ये सगळ्यात मोठी शिट्टी पडली होती ती शीतपेयाच्या दुकानातल्या प्रसंगाला. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे मागणाऱ्या दुकानदाराचं आपटे जे करतो, ते पाहून आख्खं थिएटर उसळलं होतं. मे महिन्यात पारा पंचेचाळिसापुढे जाणाऱ्या गावात बाटली गार करण्याचे वेगळे पैसे घेतले जातात, ही जखम आमच्याकडे ओलीच होती. आजही आहे. मध्यंतरात बाहेर पडून आम्ही सगळ्यांनी जास्तीचे पैसे मोजूनच थंड प्यायलं.

हा चित्रपट भ्रष्टाचाराविरुद्धचा, असं तेव्हा सगळ्यांनी ठरवून टाकलं. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तमिळमध्ये आर. माधवनला घेऊन कामत यांनीच तो २००७ मध्ये पुन्हा केला, आणि ‘प्रामाणिक माणसाचा उद्रेक’ ही पाटी त्याला कायमची चिकटली. मला ती पाटी कधीच पटली नाही. प्रामाणिक माणसं आमच्या धुळ्याच्या देवपुरातही आहेत आणि जळगावच्या महाबळमध्येही. ती बॅट घेऊन निघत नाहीत.

अर्थ खोदण्याची खोड मलाही आहे, म्हणून माझी एक लाडकी थिअरी आधी सांगून टाकतो. नायकाचं नाव माधव आपटे का? मराठी माणसाला हे नाव पहिल्यांदा कुठं भेटलं? क्रिकेटमध्ये. मुंबईचे सलामीवीर माधव आपटे सात कसोटी खेळले. १९५३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात पोर्ट ऑफ स्पेनला त्यांनी नाबाद १६३ केल्या, त्या मालिकेत ४६० धावा काढल्या. सात कसोटींची सरासरी ४९.२७. आणि त्यानंतर त्यांना भारतीय संघात पुन्हा कधीही घेतलं नाही. अपयश नाही, बेशिस्त नाही, तरी दार बंद. आता पाहा: सगळे नियम पाळणारा, सरळ बॅटनं खेळणारा एक आपटे, ज्याला का वगळलं हे कुणी सांगत नाही, आणि पन्नास वर्षांनी त्याच नावाचा दुसरा आपटे, ज्याच्या हातात दिग्दर्शक नेमकी बॅटच देतो! वर्षानुवर्षं ही थिअरी मी चहावर खपवत आलोय. ऐकणारा मान डोलावतो, म्हणजे चहा मलाच द्यावा लागत नाही.

थिअरीत भोक आहे, हेही सांगायला हवं. १९९३ च्या ‘फॉलिंग डाऊन’ या अमेरिकी चित्रपटात मायकेल डग्लस असाच वैतागून गाडीतून उतरतो, असाच थंड पेयाच्या किमतीवरून दुकानदाराशी भांडतो आणि त्याच्याकडून बेसबॉलची बॅट हिसकावतो. बेसबॉल आपल्याकडे नाही, म्हणून क्रिकेट आलं. एवढं साधं असू शकतं. कामत असते तर त्यांनाच विचारलं असतं. १७ ऑगस्ट २०२० ला ते गेले, जेमतेम पन्नाशीत. त्यामुळे नावाचा प्रश्न मी उघडाच ठेवलाय. थिअरी मोडली म्हणून चहा सोडायचा नसतो.

पण या तुलनेतून हाताला लागतं ते वेगळंच. अमेरिकेच्या उपनगराचं दुःख म्हटलं की ‘अमेरिकन ब्यूटी’ आठवतो, १९९९ चा, ऑस्करवाला. त्यातल्या लेस्टरला मोठं घर आहे, गाडी आहे, अंगणात गुलाब आहेत आणि कंटाळा आहे. जागा आणि वेळ इतका, की काय करावं सुचत नाही. आपटेचं उलट. त्याचं उपनगर म्हणजे चौथी सीट. तिघांच्या बाकावर चौथा बसतो तेव्हा त्याला निम्मं बूड टेकायला मिळतं आणि उरलेला भार पायांवर घ्यावा लागतो. बसलाय म्हणावं तर बसला नाही, उभा म्हणावं तर उभा नाही. चित्रपटाच्या सुरुवातीला तोच दिनक्रम पुन्हापुन्हा, भराभरा कापून दाखवलाय. घर, गाडी, बँक, गाडी, घर. त्यात एक गोष्ट कुठेच नाही. आपटे कुणाजवळ बसून कुरकुर करताना दिसत नाही.

माझ्या मते चित्रपटाचा गाभा तिथं आहे. लाच, डोनेशन, जास्तीचे पैसे हे सगळं धुळ्यात आहे, जळगावातही आहे. घरकुल प्रकरणच घ्या, गरिबांसाठीच्या घरांच्या योजनेतला घोटाळा. आपटेच्या बॅटनंतरच्या वर्षी, २००६ ला, जळगावात गुन्हा दाखल झाला. धुळ्याच्या विशेष न्यायालयानं ४८ जणांना दोषी ठरवलं तो दिवस उजाडला ३१ ऑगस्ट २०१९ ला. पुढं वरच्या कोर्टात दाद मागितली गेली, ती गोष्ट वेगळी. मधल्या तेरा वर्षांत या गावानं काय केलं? बोललं. पानटपरीवर, कोर्टाबाहेर, लग्नाच्या पंगतीत, पाण्याच्या नळाची वाट बघत ओट्यावर, ‘काय भो, काय झायं मंग त्याचं?’ म्हणत म्हणत तेरा वर्षं रवंथ केली. या बोलण्यानं न्याय लवकर मिळत नाही, हे खरं. मात्र बॅट कपाटावरच राहते. आपटेकडे तेरा वर्षं सोडा, तेरा मिनिटं नव्हती. त्याला बॅटपर्यंत नेलं ते प्रामाणिकपणानं नव्हे, ऐकायला कुणी नसण्यानं.

खान्देशाचा स्वतःचा वैतागलेला नायक आपटेच्या चाळीस वर्षं आधीचा. नेमाड्यांच्या ‘कोसला’तला पांडुरंग सांगवीकर, १९६३ चा. तो पुण्यात चार भिंती पाहून, हरून, आपल्या गावी परत येतो. गाव काही त्याला मिठी मारत नाही, पण परतायला गाव आहे. आपटे कुठं परतणार? डोंबिवली हेच त्याचं घर, तिथंच त्याला राहायला वेळ नाही. कल्याण-डोंबिवलीतले आपले खान्देशी लोक या दोघांच्या मधे कुठंतरी उभे आहेत. दिवाळीला, लगीनसराईला ते इकडे येतात, दोन दिवस बोलतात, भरीत-पुरी खातात, वांगी बांधून घेतात आणि पुन्हा निःशब्द होतात. मावसभावाला एकदा विचारलं, ‘तिकडे कुणाशी बोलतोस?’ तो म्हणाला, ‘आठे कोनले वखत शे?’

आपण इकडचे शहाणे आहोत असं मात्र समजू नये. जळगावात महामार्गालगत नव्या कॉलन्या झाल्या, त्यांना कंपाउंड आलं, ओटे गेले, दाराला डोळा बसला. लोकल नसलेली डोंबिवली आपणही बांधतोच आहोत.

एकदा मे महिन्यात मावसभावाबरोबर कल्याणपर्यंत गेलो. रिझर्व्हेशन होतं, त्याला खिडकी मिळाली होती. चाळीसगाव, मनमाड, नाशिक, मस्त गप्पा चालल्या होत्या. कसारा गेलं तसा तो एकदम गप्प झाला. बॅग पोटाशी घेतली, उठला आणि दाराजवळ जाऊन उभा राहिला. कल्याणला अजून तासभर होता, डबा निम्मा रिकामा होता. ‘बस ना,’ मी म्हणालो. ‘नको,’ तो म्हणाला, ‘मागून लोंढा येतो.’

मी मागं वळून पाहिलं. मागं कुणीच नव्हतं.