घरच्या गिटारीचा पिकअप

इलेक्ट्रिक गिटार घरी घडविण्याचा संकल्प ज्याने केला आहे, तो मनुष्य प्रायः लाकडाच्या चिकित्सेतच आपले बहुतेक अवधान खर्च करतो; परंतु ज्या वाद्याचा नाद पोकळ पेटीतून नव्हे, तर तारांखाली बसविलेल्या चुंबकीय वेटोळ्यांतून उमटून प्रवर्धकाकडे जातो, त्या वाद्याचा स्वभाव त्या वेटोळ्यांच्या घडणीने, स्थानाने आणि विशेषतः त्यांच्या परस्पर जोडणीने ठरत असतो, आणि ही जोडणी सर्वांत अल्प खर्चाची असूनही सर्वांत उपेक्षित राहावी, याचे मला फार वैषम्य वाटते.

पिकअपच्या मुळाशी असलेले तत्त्व मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली सिद्ध केले. पोलादी तार खालच्या चुंबकाच्या सान्निध्याने स्वतः चुंबकित होते. ती कंप पावू लागली की वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र तिच्याबरोबर कमीअधिक होते, आणि वेटोळ्याच्या दोन टोकांमध्ये सूक्ष्म विद्युत्‌दाब उत्पन्न होतो. सबब नायलॉनच्या तारांना हा पिकअप सर्वस्वी निरुपयोगी. तेथे घोडीखाली पिएझो स्फटिकाचीच तजवीज करावी लागते.

घरच्या कारागिरीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ब्रायन मे यांची ‘रेड स्पेशल’ होय. शालेय शिक्षण आपल्या पाचगणीस झालेल्या फ्रेडी मर्क्युरीच्या गायनाला ‘क्वीन’ या वाद्यवृंदात जिची साथ लाभली, ती हीच गिटार. १९६३ साली, लंडनच्या पश्चिमेस फेल्टम येथे, सोळा वर्षांच्या ब्रायनने वडील हॅरॉल्ड यांच्या साहाय्याने ती घडविण्यास आरंभ केला. मानेला जुन्या शेकोटीच्या चौकटीतील महोगनी आणि पडद्यांमधील खुणांना शिंपल्याची बटणे वापरली. पहिले पिकअपही ब्रायनने स्वहस्ते गुंडाळले होते; त्यांचा नाद चांगला होता, परंतु मींड घेताना ओढावी तशी तार आडवी ओढली की चुंबकांच्या ध्रुवांच्या मांडणीमुळे आवाज विकृत होई. अखेरीस त्याने बर्न्स कंपनीचे तीन ‘ट्राय-सॉनिक’ पिकअप विकत घेतले. वेटोळ्यातील फेरे सैल राहिले तर मोठ्या आवाजात ते स्वतःच कंप पावून शीळ घालू लागतात; हा दोष निघावा म्हणून त्याने ते ॲराल्डाइटने भरून घट्ट केले. हाच बंदोबस्त आज बहुतेक कारागीर वितळलेल्या मेणाने करतात. मेणाचे भांडे मात्र गरम पाण्याच्या भांड्यात ठेवावे, आचेवर प्रत्यक्ष कधीही ठेवू नये, आणि उष्णता ६५ अंशांच्या आसपास राखावी, अन्यथा वेटोळ्याचा साचा वाकतो.

वेटोळ्यासाठी लागणारी एनॅमलची तांब्याची तार सुमारे ०.०६ मिलिमीटर जाडीची असते. मोटारी भरून देणाऱ्यांकडील तार बहुधा याहून पुष्कळ जाड असते. तेव्हा खरेदीपूर्वी मायक्रोमीटरने खातरजमा करावी. स्ट्रॅटोकास्टरच्या जातीच्या पिकअपवर अशा तारेचे ८,००० च्या आगेमागे फेरे असतात आणि त्याचा रोध सुमारे ६ किलोओहम भरतो. गुंडाळताना तार फेल्टच्या तुकड्यातून चिमटीत हलकेच धरावी. ताण किंचित वाढला तरी ती तुटते, आणि कमी पडला तर फेरे सैल बसतात. तुटलीच तर दोन्ही टोकांवरील एनॅमल खरवडून, पीळ देऊन, डाख द्यावा व पुढे चालावे. फेरे वाढविले की आवाज वाढतो, पण वरच्या स्वरांची झळाळी उणी होते. हा जमाखर्च कोणत्याही कारागिराला चुकत नाही. चुंबक तारांच्या फार निकट आणला, तर त्याच्या ओढीने तारेचा सूरच डळमळतो.

स्थानाचे महत्त्वही याहून कमी नाही. घोडीजवळ तारेचा झोका लहान आणि उपस्वरांचा अंमल मोठा, म्हणून तेथील नाद तीक्ष्ण; मानेकडे मूळ स्वर बळावतो, म्हणून तेथील नाद भरीव. मोकळ्या तारेच्या बरोबर चतुर्थांशावर पिकअप बसविला, तर तेथे चौथ्या उपस्वराचा स्थिरबिंदू असल्यामुळे तो उपस्वर त्या पिकअपला जवळजवळ ऐकूच येत नाही.

आता जोडणी. बहुतेक गिटारींत पिकअप समांतर जोडतात. ‘रेड स्पेशल’मध्ये ते एकसर जोडले आहेत, आणि प्रत्येकाला दोन सरकते स्विच आहेत: एक चालू-बंद करण्याचा, दुसरा दिशा उलटविण्याचा. एकसर जोडणीत विद्युत्‌दाबांची बेरीज होऊन नाद जाड व बलवान होतो. दोन पिकअपांपैकी एकाची दिशा उलटविली, तर त्यांच्यातील समान अंश, विशेषतः मूळ स्वर, परस्परांना छेद देतो आणि अनुनासिक, पातळ, परंतु अतिशय भेदक आवाज उरतो. सहा स्विचांच्या बळावर त्या तरुणाने तीन पिकअपांतून इतके भिन्न नाद काढावेत, हे मला त्या गिटारीतील सर्वांत बुद्धिमान काम वाटते. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. एकसर मंडलात बंद करावयाच्या पिकअपची तार तोडली, तर सगळेच वाद्य मुके होते. म्हणून स्विचने त्याची दोन टोके एकमेकांस जोडून प्रवाहाला वळसा द्यावा लागतो.

घरातील विजेच्या ५० हर्ट्‌झ गुणगुणीवरही उपाय जोडणीतच आहे. गिब्सन कंपनीचे सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये दोन वेटोळ्यांच्या ‘हंबकर’साठी पेटंटचा अर्ज केला. त्यात एका वेटोळ्याचा चुंबकध्रुव उलटा आणि जोडणीही उलटी; त्यामुळे तारेचा आवाज दोन्हींकडून एकाच दिशेने येतो, पण चुंबकाशी संबंध नसलेली गुणगुण एकमेकींना मारते. एकेरी वेटोळ्यांच्या गिटारीतही मधला पिकअप असाच उलटा ठेवता येतो.

डाख देण्यापूर्वी प्रत्येक पिकअपची दिशा तपासावी. काट्याचा मीटर त्याच्या दोन टोकांना लावून लोखंडी पेचकस चुंबकावर टेकवावा आणि झटक्याने उचलावा. काटा क्षणभर एका बाजूस हलेल. मीटरच्या ज्या जोडणीने सर्व पिकअपांचे काटे एकाच बाजूस हलतील, ती टोके रंगीत धाग्याने खूण करून ठेवावीत. एखाद्याचा काटा उलट हलला, तर त्याची दोन टोके अदलाबदल करावीत. मात्र धातूचे झाकण एखाद्या टोकाशी जोडलेले असेल, तर ते प्रथम सोडवून त्याला जमिनीची स्वतंत्र तार द्यावी, नाही तर झाकणच गुणगुण गोळा करू लागेल.