वारशाने आलेले रिव्हॉल्व्हर : त्याचे वय आणि त्याचे मोल



आमच्या अल्लीपुराकडे, किंबहुना साऱ्या वर्धा जिल्ह्यात, जुन्या घराची संदूक उघडली की दागिन्यांच्या जोडीला क्वचित एखादे रिव्हॉल्व्हरही निघते. १९५१ साली मालगुजारी गेली, वाड्यांच्या वाटण्या झाल्या. शस्त्र मात्र बापाकडून लेकाकडे येत राहिले. मग घरात दोन प्रश्न उठतात : हे किती जुने, आणि याचे किती येतील? तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही : हे घरात ठेवण्याचा आपल्याला अधिकार आहे काय? माझे शिक्षण कारखान्यात झाले, तेव्हा फिटर ज्या क्रमाने यंत्र तपासतो त्या क्रमाने सांगतो. फिटर आधी वीज बंद करतो. आपणही तिसरा प्रश्न आधी घेऊ.

लॉर्ड लिटनच्या १८७८ च्या कायद्याने हिंदी माणसाच्या हातचे शस्त्र परवान्याखाली आणले. आज लागू आहे तो १९५९ चा कायदा. त्याचा अंमल १ ऑक्टोबर १९६२ पासून सुरू झाला. परवाना माणसाच्या नावाचा असतो. माणूस गेला की वस्तू वारसाकडे येते, परवाना येत नाही. म्हणून विलंब न लावता शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे, पावती घ्यावी, आणि २०१६ च्या नियमांप्रमाणे वारस म्हणून परवान्यासाठी अर्ज करावा. हे न केल्यास साध्या बोअरच्या शस्त्रालाही, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, दोन ते पाच वर्षांची कैद आहे. "ते चालतच नाही" ही सबब पुरत नाही. कायद्यातली सूट आहे ती कालबाह्य किंवा मोडक्या, पण दुरुस्त करूनही झाडता न येणाऱ्या शस्त्राला. आणि ते ठरविणारे आपण नव्हे.

जुनी काडतुसे सापडल्यास हात लावू नये, पोलिसांना कळवावे. आपल्याच जिल्ह्यात पुलगावजवळ २०१८ च्या नोव्हेंबरात जुनी स्फोटके नष्ट करताना स्फोट होऊन मजूर प्राणास मुकले. दारू म्हातारी झाली म्हणून गरीब होत नाही.

आता वय. विक्रेत्याकडे शस्त्र रिकामे असल्याची खात्री झाल्यावर प्रथम बांधणी पाहावी. कोल्टने रिव्हॉल्व्हरचे पेटंट घेतले १८३६ साली. त्या काळच्या शस्त्रात दारू आणि गोळी चक्रीच्या पुढून भरीत आणि मागे ठिणगीची टोपी बसवीत. चक्रीच्या आरपार भोके असून मागून काडतूस जात असेल, तर शस्त्र त्या पिढीनंतरचे. मधोमध मोडून उघडणारे वेब्ली ब्रिटिश फौजेने १८८७ साली घेतले. त्याच मालिकेचा सहावा नमुना १९१५ चा.

मग छाप पाहावेत. बर्मिंगहॅमला १८१३ पासून नळ्यांची सरकारमान्य परीक्षा होते आणि उतरलेल्या नळीवर शिक्का बसतो. मुकुटाखाली 'एनपी' अक्षरे असली, तर ती धूरविरहित दारूची परीक्षा, म्हणजे शिक्का १९०४ नंतरचा. लंबगोलात 'ईएलजी' असेल, तर माल बेल्जियममधील लिएजचा; मग घरात त्याला पिढ्यान्‌पिढ्या विलायती म्हणत असले तरी. नळीवर कलकत्त्याच्या किंवा लंडनच्या दुकानाचे नाव असले म्हणजे ते बनविणाऱ्याचे असतेच असे नाही. आणि कोरलेली पेटंटची तारीख ही शस्त्राची जन्मतारीख नव्हे. वस्तू तिच्यानंतर कितीही वर्षांनी बनलेली असू शकते.

सर्वांत बोलका तो अनुक्रमांक. १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरात साँडर्सवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यात आपल्या खेडचे राजगुरूही होते. भगतसिंगांचे कोल्ट पिस्तूल पुढे इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या संग्रहालयात, गंज चढू नये म्हणून रंग दिलेल्या स्थितीत, अनेक शस्त्रांतले एक होऊन पडले होते. रंग काढल्यावर १६८८९६ हा आकडा दिसला, तो खटल्याच्या कागदांशी जुळला, आणि २०१७ साली ते हुसेनीवाला येथील संग्रहालयात मानाने गेले. लोखंड तेच होते. त्याला मोल दिले ते आकड्याने आणि कागदाने. म्हणून "आजोबांना अमक्या साहेबाने दिले" ही कथा कागदावाचून किमतीत धरू नये. जुना परवाना, विकत घेतल्याची पावती, मूळ पेटी हे सारे जपावे.

किंमत ठरते ती स्थितीवर, मूळ मुलाम्यावर आणि सुट्या भागांवरचे आकडे जुळण्यावर. विटकरीच्या भुकटीने किंवा पॉलिशपेपरने घासून चकाकी आणणारा आपल्या हाताने छापही पुसतो आणि पैसेही. शस्त्रांच्या खाजगी आयातीवर कित्येक वर्षे निर्बंध असल्याने परदेशी मालाला येथे चढा भाव येतो. तो टंचाईचा भाव आहे, गुणाचाच असे नाही. शिवाय गिऱ्हाईकही परवानाधारकच हवे, आणि विकण्याआधी दंडाधिकाऱ्यांना किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावे लागते. लष्करी बोअर निषिद्ध ठरला असेल तर परवाना केंद्र सरकारच्या हाती, म्हणून गिऱ्हाइके आणखी थोडी. वस्तू शंभर वर्षांवरची निघाली, तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने ती खाजगी माणसाला परदेशी धाडता येत नाही. तेव्हा लंडनच्या लिलावाचे आकडे ऐकून कोणी हुरळू नये.

घरात कर्ता गेल्यावर आधीच गोंधळ असतो. त्यात कोणी दलाल विधवेला "पोलिसांचे लचांड मागे लागेल, मी गुपचूप नेतो" असे सांगून चार पैसे हातावर टेकवतो. वस्तू जाते, पैसा जातो आणि गुन्हा मात्र तिच्या माथी राहतो. तिला भीती नव्हे, माहिती हवी. आपल्या शेजारी असे घर असेल, तर तिच्याबरोबर ठाण्यापर्यंत जा आणि पावती घेतल्याखेरीज परतू नका.