हसरे चेहरे, पगार आणि मधली सात वर्षं

मागच्या भागानंतर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न एकच: "दादा, फोटो लोकांना आवडतात, मग नोकरी सोडायची कधी?" हा प्रश्न माझाही आहे, म्हणून आज तोच घेतो.

मी अकोल्यात घरून कोडिंग करतो आणि रविवारी लोकांचे हसरे पोर्ट्रेट काढतो. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन चालत आलेले कावडवाले राजेश्वर मंदिराजवळ पोचतात ना, तेव्हा त्यांचे चेहरे बघा. खांदे सोललेले, पण हसू कानापर्यंत. त्यांच्याकडून मी एक रुपया घेत नाही. अडचण इथेच आहे. ज्यात मजा येते त्याला गिऱ्हाईक नसतं.

आता गौतम राजाध्यक्षांचं बघा. १९७४ मध्ये ते लिंटास या जाहिरात कंपनीच्या फोटो विभागात लागले. १९८० मध्ये त्यांनी शबाना आझमी, टीना मुनीम यांचे फोटो काढले आणि नाव व्हायला लागलं. पण पूर्णवेळ फोटोग्राफी कधी? १९८७ मध्ये. मधली सात वर्षं पगार सुरू होता! 'फेसेस' हे पुस्तक तर १९९७ चं. शिवाय त्यांनी 'चंदेरी' मासिकाचं संपादन केलं, 'बेखुदी' आणि 'अंजाम'च्या पटकथा लिहिल्या. म्हणजे करिअर एकाच नळावर भरलं नव्हतं. मला यातली सात वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. रील्समध्ये नेमकी तीच कापलेली असतात.

उलटं उदाहरणही आहे. 'ह्यूमन्स ऑफ न्यूयॉर्क'वाल्या ब्रँडन स्टँटनची शिकागोतली नोकरी गेली आणि २०१० मध्ये त्यानं दहा हजार न्यूयॉर्ककरांचे फोटो काढायचं ठरवलं. चाललं ते. पण नोकरी जाणं ही काही योजना नाही, भाऊ.

आपल्याकडचा हिशोब वेगळाच. इथे फोटोचा पैसा म्हणजे मुख्यतः लग्नं. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त जवळपास बंद. महिन्याचा खर्च ३०,००० धरला, तर फक्त त्या चार महिन्यांसाठी १,२०,००० बाजूला हवेत. कॅमेऱ्याचा हप्ता वेगळा.

आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, कोणी पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक तो गिऱ्हाईक. स्वतःच्या हौसेनं काढलेला फोटो मात्र तुमचा. म्हणून पुस्तक, प्रदर्शन करायचं असेल तर फुकटातले हे रविवार जपा. लग्नाच्या ऑर्डरमध्ये आधीच दोन ओळी लिहून घ्या. तुमचं ऑफर लेटरही एकदा वाचा. पगार सुरू असताना बाहेरचं काम करायला बऱ्याच आयटी कंपन्या परवानगी मागायला लावतात.

मी माझा आकडा ठरवलाय: सलग बारा महिने फोटोंची कमाई पगाराच्या निम्मी. आत्ता पाच महिने झालेत, आणि चातुर्मास अजून यायचाय. आईला हे सांगितलं नव्हतं. ती दर भाग ऐकते, म्हणजे आता कळलंच.